मुंबईत नवीन आलात? आंघोळ किती वेळा, साबण कुठे आणि केस कधी धुवायचे

मुंबईत नोकरीला नाहीतर शिकायला नवीन आलेली पोरं-पोरी पहिल्या महिन्यातच एक तक्रार करतात, की सकाळी घासूनपुसून आंघोळ करून निघालं तरी स्टेशनचा जिना चढेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि संध्याकाळी केस हाताला चिपचिपीत लागतात. मग सुरू होतो तो प्रकार सगळीकडे सारखाच, दिवसातून तीनदा आंघोळ, तीनही वेळा अंगभर साबण, रोज शांपू, वर बादलीत अँटिसेप्टिकचं झाकण. आणि पुढे हीच मंडळी विचारत असतात की नडग्यांना खाज का सुटतेय, केस दोरीसारखे का झालेत, जांघेत हे गोल गोल काय उठलंय. आमच्या घरी मावसभाऊ, भाचे, नणंदेच्या मैत्रिणीची मुलगी असे बरेच जण सुरुवातीचे काही महिने राहून गेलेत त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते: रोज एक आंघोळ, उकाड्यात दोन. पाणी अंगावर कितीही वेळा घ्या, साबण दिवसातून एकदाच आणि तोही ठराविक जागीच. केस आठवड्यातून दोन-तीनदा. आणि अंग पुसायला आंघोळीइतकाच वेळ द्या, कारण मुंबईतली त्वचेची निम्मी दुखणी अंग ओलं राहिल्याने होतात, हे माझं ठाम मत आहे.

आधी घामाचं गणित समजून घ्या

आपल्या अंगावर साधारण २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. त्यातल्या बहुतेकांचा घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ, त्याला स्वतःचा वास जवळपास नसतोच. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या प्रकारच्याही ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर कामाला लागतात, त्यांचा घाम जरा दाट असतो आणि तिथले जिवाणू तो खाऊन जे काही तयार करतात त्याचा वास येतो. पायांचं असं की बुटामोज्यात घाम कोंडतो आणि तिथेही जिवाणूंचं फावतं. म्हणजे लोकलमध्ये हात वर करून उभं राहिल्यावर शेजारच्याला जो त्रास होतो तो काखेमुळे, हातावरच्या किंवा पोटऱ्यांवरच्या घामामुळे नाही. हात, पाठ, पोटऱ्या यांच्यावर फक्त मीठ आणि धूळ असते, ती नुसत्या पाण्याने जाते.

दुसरं, त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामध्ये भरलेली चरबी. हा थर थोडा आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास. आपला नेहमीचा वडीचा साबण ९ ते १० पीएचचा, म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. साबण मळाबरोबर ही चरबीही ओढून नेतो आणि त्वचा पूर्वपदावर यायला काही तास जातात. दिवसातून एकदा हे झालं तर त्वचा सांभाळून घेते, तीनदा केलंत तर तिला सावरायला वेळच मिळत नाही. तेलाच्या ग्रंथी पोटऱ्या-नडग्यांवर फार कमी असतात म्हणून पहिली खाज तिथेच सुटते, पांढऱ्या रेघा उठतात, आणि माणसाला वाटतं मळ राहिलाय, की तो अजून जोरात घासतो.

पहिली पायरी: नळाला कुठलं पाणी येतंय ते बघा

हे कोणी बघत नाही आणि सगळे म्हणतात मुंबईच्या पाण्याने केस गेले. महापालिकेचं पाणी सात तलावांमधून येतं, भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी. हे सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, त्यात क्षार कमी, साबण लावला की लगेच फेस येतो. त्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात कधीकधी वास जास्त जाणवतो, पण त्याने टक्कल पडत नाही. उलट मराठवाड्यातून किंवा विदर्भातून बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या पोरांना इथलं पाणी अंगाला बुळबुळीत लागतं, साबण निघतच नाही असं वाटतं, आणि ते उगाच पाणी ओतत बसतात. निघालेला असतो साबण. हलक्या पाण्याला तसंच लागतं.

भानगड होते ती पालिकेचं पाणी पुरत नाही अशा इमारतींमध्ये, जिथे टँकर मागवतात नाहीतर बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळतात. शहराच्या कडेच्या नव्या टॉवरांमध्ये आणि उपनगरांपलीकडे हे फार चालतं. ओळखायचं कसं, तर नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या आतून पांढरा खरखरीत थर बसलाय का बघा, नखाने खरवडला तर भुकटी निघते. साबणाला फेस येत नाही, त्याऐवजी पाण्यावर दह्याच्या कण्या तरंगल्यासारखं दिसतं. ते म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने साबणाशी धरलेला चोथा, तो अंगावर आणि केसांवर बसून राहतो. अशा ठिकाणी वडीच्या साबणाऐवजी सिंडेट बार (दिसायला साबणाच्या वडीसारखाच, पण साबणाऐवजी सौम्य डिटर्जंटचा) किंवा लिक्विड बॉडी वॉश वापरा, त्यांचा चोथा होत नाही. केस धुताना शेवटचे दोन तांबे पिण्याच्या नळाच्या पाण्याचे घ्या. आणि शॉवरला लावायचे ते फिल्टर घेण्याआधी नीट विचार करा, त्यातले बरेचसे क्लोरीन आणि गाळ कमी करतात, क्षाराचं पाणी हलकं करत नाहीत, त्यासाठी सॉफ्टनर लागतो आणि तो भाड्याच्या खोलीत कोण बसवणार.

दुसरी पायरी: किती वेळा ते ऋतू आणि काम बघून ठरवा

मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आणि मग पुन्हा ऑक्टोबर हीटमध्ये दोन आंघोळी, सकाळी एक आणि कामावरून आल्यावर एक. यातली साबणाची कुठली? माझं मत, संध्याकाळची. दिवसभराचा घाम, ट्रेनच्या दांड्या, रिक्षातली धूळ, बांधकामांची धूळ सगळं अंगावर घेऊन तुम्ही गादीवर पडणार असता. सकाळची आंघोळ कावळ्याची झाली तरी चालते, चार तांबे पाणी, काखा-जांघांना हात फिरवला की बास. घरचे म्हणतील सकाळी नीट आंघोळ करायची पद्धत आहे, तर करा की, देवपूजेला पाणीही चालतं, साबण कुणी सांगितलाय.

डिसेंबर-जानेवारीत मुंबईतसुद्धा पहाटेचा पारा १६-१७ अंशांपर्यंत उतरतो, हवा कोरडी होते, तेव्हा एकच आंघोळ आणि अंगाला साबण अगदीच कमी. गंमत अशी की नेमकं तेव्हाच गिझरचं कढत पाणी घेऊन लोक पंधरा-पंधरा मिनिटं उभे राहतात. पाणी कोमट हवं, मनगटाच्या आतल्या बाजूला घेतलं तर गरम लागलं नाही पाहिजे, आणि पाच ते दहा मिनिटांत उरकायचं. त्वचेचे डॉक्टर कोरड्या त्वचेसाठी हेच सांगतात.

ऑफिस एसी असेल तर तुमचं गणित अजून वेगळं. बाहेर दमट आणि आत आठ-नऊ तास कोरडी थंड हवा, म्हणजे बांद्र्याच्या किंवा पवईच्या काचेच्या इमारतीत बसणारा माणूस घामाने भिजलेलाही असतो आणि त्याची कातडी कोरडीही पडलेली असते. त्याने आंघोळ दोनदा करावी पण साबणाचा हात अगदी आखडता ठेवावा. याउलट डिलिव्हरीवाले, साइटवर काम करणारे, जिमला जाणारे, यांनी घाम आला की तासाभरात अंगावर पाणी घ्यावं आणि कपडे बदलावेत, घामट कपड्यात बसून राहिलं की घामोळ्या आणि पाठीवर पुळ्या. रविवारी घरी पारोसं लोळत पडलात तर त्वचेचं काहीही बिघडत नाही, फक्त सासूबाई किंवा रूममेट काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा.

लहान मुलांबद्दल इंटरनेटवर वाचाल की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते ६ ते ११ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदोन आंघोळीही पुरतात. बरोबर आहे, पण ती तिथली किमान मर्यादा आहे, आणि चिखलात माखलं किंवा घाम आला तर लगेच घाला असं तेही सांगतात. आपलं कार्टं मैदानातून येतं तेव्हा हेच दोन्ही झालेलं असतं. म्हातारी माणसं मात्र खरंच सांभाळायची असतात, वयाबरोबर तेल कमी होतं, त्यांना रोज अंगभर साबण नको.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष आंघोळ

पीजीमध्ये आणि जुन्या इमारतींत पाण्याची वेळ ठरलेली असते, कुठे पहाटे, कुठे संध्याकाळी दोन तास. गेल्या गेल्या घरमालकाला किंवा वॉचमनला विचारा पाणी किती ते किती, आणि स्वतःची एक बादली भरून ठेवा, नाहीतर डोक्याला शांपू लावलेला आणि नळ फुसफुसतोय अशी वेळ येते. आंघोळीला १५ ते २० लिटरची एक बादली पुरते. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सहज खातो, दहा मिनिटं उभं राहिलं की चार-पाच बादल्या गेल्या. मेमध्ये तलावांची पातळी खाली जाते आणि पाणीकपातीच्या बातम्या यायला लागतात तेव्हा बादली-तांब्याची सवय कामाला येते.

क्रम असा ठेवा. केस धुवायचे असतील तर ते आधी, म्हणजे शांपू आणि कंडिशनर पाठीवरून ओघळतो तो नंतर धुऊन निघतो, पाठीवर नाहीतर कपाळाच्या कडेला पुळ्या येणाऱ्यांनी हे खासकरून पाळा. मग अंगभर पाणी. मग साबण: काखा, जांघा, मागची बाजू, पाय आणि पायाच्या बोटांमधली जागा, मानेची मागची बाजू. संपलं. हात, पोट, पोटऱ्या यांना वेगळा साबण लावू नका, ओघळून येतो तेवढा पुरतो. खूप माखून आलात, रंगपंचमी खेळलात, तर गोष्ट वेगळी. बायकांनी नाजूक जागी बाहेरून नुसतं पाणी, आत काहीही नाही, त्या जागेसाठी म्हणून विकायला येणारे वॉश लागत नाहीत.

साबण कुठला हा प्रश्न हमखास येतो. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. टॉयलेट सोप लिहिलं असेल तर टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाचा आकडा बघा, ग्रेड १ ला तो ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असावा लागतो. बेदिंग बार लिहिलं असेल तर तो वेगळा प्रकार, त्यात टीएफएम ४० टक्केही चालतं. काही बेदिंग बार मऊ असतात, काही नुसतेच स्वस्त, त्यामुळे वापरून बघायचं: आंघोळीनंतर दहा मिनिटांनी कातडी ओढल्यासारखी वाटली तर तो तुमचा साबण नव्हे. ज्यांना खाज, इसब, कोरडेपणा आहे त्यांनी सरळ सिंडेट बार घ्यावा, महाग असतो पण साबण ठराविक जागीच लावलात तर बरेच दिवस जातो.

जंतुनाशक साबणाचा मोह आवरा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०१६ मध्ये ट्रायक्लोसान धरून १९ जंतुनाशक रसायनं असलेले असे साबण विकायला बंदी केली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. बादलीत रोज झाकणभर अँटिसेप्टिक ओतण्याचंही तेच, फायदा काही नाही आणि काहींना त्यानेच चुरचुरतं. लिंबू चोळणं तर अजिबात नको, लिंबाचा रस अंगावर राहिला आणि उन्हात गेलात तर काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

घासायला प्लॅस्टिकची लूफा बाथरूममध्ये टांगून ठेवायची आणि ती मुंबईच्या हवेत कधीच वाळत नाही, आत काय वाढतं ते बघायची इच्छा नाही. हाताने लावा साबण. फारच वाटलं तर सुती फडकं, तेही रोज धुऊन उन्हात. वजरी फक्त टाचांना आणि आठवड्यातून एकदा. दिवाळीत अभ्यंगाला तेल लावून उटणं चोळतो ते वर्षातून चार दिवस मस्तच आहे, तेल आधी असल्याने उटणं ओरखडे काढत नाही, पण कोरड्या अंगावर रोज उटणं घासायला लागलात तर त्वचा सोलवटेल.

चौथी पायरी: पुसणं, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे

नवीन आलेली मंडळी घरून जाडजूड टर्किश टॉवेल घेऊन येतात. छान दिसतो, पण जुलैत तो दोन-दोन दिवस वाळत नाही, दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो आणि तोच तुम्ही जांघेला लावता. दादरला नाहीतर कुठल्याही बाजारात जा आणि पातळ सुती पंचे घ्या, तीन-चार. एक वापरात, एक दोरीवर, एक धुवायला. पंचा पंख्याखाली काही तासांत वाळतो, पाणी टॉवेलपेक्षा चांगलं टिपतो आणि रोज धुवायला जड नाही. केसांना वेगळा ठेवा.

पुसताना चोळू नका, टिपा. आधी चेहरा आणि मान, मग काखा, बायकांनी स्तनांच्या खालची घडी, पोटाची घडी असेल तर ती, मग जांघा, आणि सगळ्यात शेवटी पाय. पायाच्या प्रत्येक बोटामध्ये पंच्याचं टोक घालून पुसायचं, करंगळीच्या बाजूची फट सगळ्यात अरुंद असते आणि चिखल्या तिथूनच सुरू होतात. हे करताना स्टुलावर बसा, उभ्याने एका पायावर कोणी नीट पुसत नाही. मग लगेच कपडे चढवायचे नाहीत, शक्य असेल तर दोन मिनिटं पंख्याखाली. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं असतील तर पंख्याखाली उघडं कुठे उभं राहणार हे मलाही कळतं, तर निदान सैल सुती कपडा गुंडाळून थोडं थांबा आणि टाइट अंतर्वस्त्रं, जीन्स शेवटी घाला.

पावडर टाकायची तर कोरड्या अंगावर आणि चिमूटभर. ओल्या काखेत पावडर ओतली की त्याचा लगदा होतो, तो घडीत बसून घासतो.

पंचा, वस्तरा, कंगवा, अंतर्वस्त्रं कुणाशीही शेअर करायची नाहीत, जिवलग मित्र असला तरी. पीजीत एकाला गजकर्ण झालं की पूर्ण खोलीत फिरतं ते याच रस्त्याने.

पाचवी पायरी: अंगाला काय लावायचं

मुंबईत घामच इतका येतो, मॉइश्चरायझर कशाला, असं सगळे म्हणतात. घाम म्हणजे ओलावा टिकवणारं तेल नव्हे. हातापायांना, विशेषतः नडग्यांना, अंग किंचित दमट असतानाच काहीतरी लावा, म्हणजे आत आहे ते पाणी आतच राहतं. खोबरेल तेलाचे दोन थेंब चालतील, ग्लिसरीनमध्ये थोडं पाणी घालून चालेल, साधं लोशन चालेल. पाठीला आणि छातीला उन्हाळ्यात तेलकट काही नको, घामोळ्या वाढतात. घामोळ्या म्हणजे घामाची तोंडं बुजलेली असतात, वरून तेल थापलं तर अजून बुजणार.

केस

केसांचं गणित कातडीपेक्षा सोपं आहे आणि तरी सगळ्यात जास्त गैरसमज इथेच. शांपू डोक्याच्या कातडीसाठी असतो, केसांच्या शेंड्यांसाठी नाही. तेल मुळाशी तयार होतं, घाम तिथे येतो, म्हणून बोटांच्या पेरांनी मुळाशी चोळायचा, नखांनी नाही, खाली जो फेस ओघळतो त्यात लांब केस धुऊन निघतात. कंडिशनर उलटा, कानाच्या खालपासून शेंड्यांपर्यंत, मुळांना नाही.

किती वेळा, तर आखूड केस असलेले, रोज हेल्मेट घालणारे, तेलकट डोक्याचे यांनी एक दिवसाआड. खांद्यापर्यंत किंवा लांब केस असतील तर आठवड्यातून दोनदा, कुरळे आणि कोरडे असतील तर एकदाही पुरतं. मधल्या दिवशी फारच घाम आला तर नुसत्या पाण्याने धुवा, पण मग वाळवायची तयारी ठेवा. रोज शांपू केला की केस गळतात हेही खरं नाही आणि धुतलेच नाहीत तर टिकतात हेही नाही. दिवसाला ५० ते १०० केस पडणं हे सगळ्यांचंच होतं, आठवड्याने धुतलंत की साठलेले सगळे एकदम मोरीच्या जाळीत दिसतात आणि माणूस घाबरतो.

खरा घोळ होतो तो ओल्या केसांचा. सकाळी साडेसातच्या लेडीज डब्यात बघा, अर्ध्या बायकांचे केस ओले, क्लचरमध्ये पिळून बसवलेले, ब्लाउजची पाठ भिजलेली. ते केस दुपारपर्यंत आतून ओलेच असतात, डोकं खाजतं, संध्याकाळी सोडले की कुबट वास. ओला केस ताणला की लवकर तुटतोही. त्यापेक्षा धुवायचा दिवस असेल तेव्हा संध्याकाळी आल्या आल्या धुवा, पंख्याखाली मोकळे सोडा, तोवर जेवणखाण होतं, आणि मुळं पूर्ण कोरडी झाल्यावरच झोपा. ओल्या डोक्याने उशीवर पडलं की उशीही कुबट होते. ड्रायर वापरायचा तर थंड किंवा मध्यम हवेवर आणि लांबून.

तेलाचं काय? खोबरेल तेल केसात शिरतं आणि केसातलं प्रोटीन वाहून जाणं कमी करतं असं २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलला तसं जमलं नाही. तो अभ्यास आपल्या मुंबईतल्याच मॅरिको कंपनीच्या लोकांनी केला होता, म्हणजे खोबरेल तेल विकणाऱ्यांनीच, तेवढं लक्षात ठेवून वाचा, पण आज्जीचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. मात्र ते केसांना लावायचं, धुण्याआधी तासभर, शेंड्यांकडे जास्त. रात्रभर डोक्यावर तेल थापून सकाळी ते तसंच घेऊन ट्रेनमध्ये चढलात तर दिवसभराची धूळ त्यावर चिकटणार आणि कपाळावर पुळ्या.

आणि कोंडा असेल तर डोक्याच्या कातडीला तेल बंद. कोंड्याच्या मुळाशी मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलावरच जगते, डोकं कोरडं पडलंय म्हणून तेल लावा हा सल्ला तिच्या पथ्यावर पडतो. केमिस्टकडे दोन टक्के किटोकोनॅझोलचा शांपू मिळतो, तो आठवड्यातून दोनदा, मुळांना लावून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा, दोन ते चार आठवडे. लावल्या लावल्या धुतला तर पैसे मोरीत. शिकेकाई-रिठा ज्यांना सोसतो त्यांनी खुशाल वापरावा, भुकटी मात्र नीट धुऊन काढा, डोळ्यांत गेली तर फार झोंबते.

पावसाळा आला की

जून ते सप्टेंबर हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा आंघोळीच्या संख्येपेक्षा पाय आणि कपडे जास्त महत्त्वाचे. ऑफिसला जाताना रबरी चप्पल किंवा फ्लोटर्स घाला, बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. पोचल्यावर पाय धुवा, बोटांमध्ये टिश्यूने पुसा, कोरडे मोजे. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर ते रात्रीत पाणी ओढून घेतात. घरातल्या घरात वाळवलेली अंतर्वस्त्रं शिवणीशी दमटच राहतात, त्यांना घालण्याआधी इस्त्री फिरवा. हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं पण जांघेच्या गजकर्णाला याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

हिंदमाता, सायन, मिलन सबवे, अंधेरी सबवे, जिथे कुठे गुडघाभर पाण्यातून जायची वेळ आली तर घरी आल्यावर पहिलं काम साबणाने पाय धुणं आणि कोरडे करणं, आंघोळ उद्यावर टाकायची नाही. त्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, जखमेतून, अगदी टाचेच्या भेगेतूनही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने याचा चांगलाच अनुभव घेतलाय. म्हणून दर पावसाळ्यात पालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरला गाठून प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही ते विचारावं. ताप यायची वाट बघू नका, आणि मधुमेह असेल तर नक्कीच नाही.

चिखल्या झाल्या, म्हणजे बोटांमधली कातडी पांढरी होऊन सोलायला लागली, तर क्लोट्रिमॅझोलची क्रीम किंवा पावडर, आणि दिवसातून जितका वेळ जमेल तितका पाय उघडा.

हे दिसलं तर आंघोळीत बदल करत बसू नका

गोल कडा असलेले लाल, खाजरे चट्टे म्हणजे बहुतेक वेळा गजकर्ण, नायटा. इथे लोक केमिस्टकडे जातात, तो एक ट्यूब काढून देतो, दोन दिवसांत खाज थांबते, सगळे खूश. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीच्या औषधाबरोबर जोरदार स्टेरॉइड असतं. खाज थांबते ती त्या स्टेरॉइडने, बुरशी आतल्या आत पसरत राहते, कातडी पातळ होते, जांघेत ताणल्यासारख्या रेघा पडतात त्या पडतातच. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरने सांगितल्याशिवाय गजकर्णाला लावू नका. ही औषधं मुळात चिठ्ठीवरच द्यायची असतात. नुसतं बुरशीचं क्रीम लावायचं तर चट्ट्याच्या कडेच्या दोन बोटं बाहेरपर्यंत लावा आणि चट्टा गेलेला दिसला तरी पुढे दोन आठवडे चालू ठेवा, निम्म्यात सोडलं की परत येतं.

घरात दोघा-तिघांना एकदम खाज, आणि रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला, तर ती खरूज असू शकते, त्यात सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावावं लागतं, एकट्याने उपचार करून काही होत नाही. डोक्यावर गोल चकती पडली, कोंड्याचा शांपू चार आठवडे वापरूनही फरक नाही, खाजेने झोप मोडतेय, जखमेतून पू येतोय, तर डॉक्टर.

खासगी त्वचारोगतज्ज्ञ परवडत नसेल तर परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर, ही पालिकेची मोठी हॉस्पिटलं आहेत आणि त्यांच्याकडे त्वचारोगाची ओपीडी चालते. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेतच वेळ जातो, अर्धा दिवस हातचा धरून ठेवा आणि पाण्याची बाटली घ्या. जाण्याआधी चट्ट्यावर काही थापू नका, म्हणजे डॉक्टरला तो खरा कसा आहे ते दिसेल. आणि आजवर जे जे लावलंय, केमिस्टने दिलेलं, रूममेटने दिलेलं, गावाहून आलेलं, त्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून सोबत न्या, संपलेल्यासुद्धा. "पांढऱ्या रंगाची ट्यूब होती" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.